पोर्टेबल दिसलं की पळायचं आणि सी-आर्मकडे पाठ फिरवायची

आयसीयूत पोर्टेबल एक्स-रेचं मशीन ढकलत टेक्निशियनदादा येतात आणि "एक्स-रे!" अशी हाळी देतात. पुढच्या पाच सेकंदांत पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या मुली वॉर्डबाहेर असतात. कुणी औषधांच्या खोलीत, कुणी थेट लिफ्टपाशी. एखादीने सक्शन अर्धवट टाकलेलं असतं. दोन वर्षांनी याच मुली ऑर्थोच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रेचं चित्र दाखवणाऱ्या मशीनच्या शेजारी, टेबलाकडे पाठ करून ट्रॉलीवरचे स्क्रू मोजत उभ्या असतात. अंगात लेड एप्रन, म्हणजे शिशाचा एप्रन, असतो, पण तो फक्त पुढून झाकणारा. पाठ उघडी, आणि तिकडे सर्जनचा पाय एक्स-रे सुरू करणाऱ्या पेडलवर.

या दोन जागांपैकी काळजी करण्यासारखी जागा दुसरी आहे. मी मेडिकल फिजिक्सवाला. नवी मुंबईत पोस्टिंगला येणाऱ्या बॅचना रेडिएशन सेफ्टीचा तास घेण्याचं काम माझ्याकडे असतं. मुलांच्या मनात भीती भरपूर असते, फक्त ती भलत्याच ठिकाणी बसलेली असते. ती उचलून योग्य जागी ठेवायची, एवढ्यासाठी हा लेख.

कशात रेडिएशन आहे, कशात नाही

आपण ज्याबद्दल बोलतोय ते आयनीकारक रेडिएशन. म्हणजे ज्या किरणांत अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते आणि त्यामुळे पेशीतल्या डीएनएला इजा होऊ शकते, असे किरण. साधा एक्स-रे, सीटी स्कॅन, मॅमोग्राफी, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली), सी-आर्म हे सगळे एक्स-रेचेच भाऊबंद. बोन स्कॅन, पेट स्कॅन आणि थायरॉइडसाठी दिलं जाणारं आयोडीन यांत मूळ किरण मशीनमधून येत नाहीत. तिथे किरणोत्सारी औषध पेशंटच्या शरीरात जातं आणि किरण पेशंटमधून बाहेर पडतात. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. दोन्हींत आयनीकारक रेडिएशन शून्य. पण म्हणून एमआरआयच्या खोलीत बिनधास्त शिरू नका. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकाच्या हातातला ऑक्सिजन सिलिंडर चुंबकाने खेचला आणि त्यात त्याचा जीव गेला. तिथला चुंबक मशीन स्कॅन करत नसतानाही चालूच असतो.

एक्स-रे ट्यूबचं याच्या नेमकं उलट. बटण सोडलं की एक्स-रे संपले. खोलीत ते रेंगाळत नाहीत, भिंतीत मुरत नाहीत, पेशंटच्या चादरीला चिकटत नाहीत.

किती म्हणजे किती

शरीराला मिळालेला डोस मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांच्यामुळे जगातल्या सरासरी माणसाला काहीही न करता वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या किरणोत्सारी वाळूमुळे हा आकडा कितीतरी पट जास्त आहे. आमच्या बॅचमध्ये कोल्लमकडची एखादी मुलगी असतेच, आणि हे ऐकून सगळ्या तिच्याकडे वळून बघतात. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे आणि त्यात कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही.

आता हॉस्पिटलचे आकडे. छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १०. म्हणजे एक सीटी हा छातीच्या शंभरच्या वर एक्स-रेंइतका भरू शकतो. "जरा सीटी करून टाकू" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा "जरा" हा शब्द मला खटकतो. पण गरज असेल तेव्हा तोच सीटी जीव वाचवतो, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे याचे नियम अणुऊर्जा नियामक परिषद ठरवते. वाशीची खाडी ओलांडून मानखुर्दला पोचलात की पुढे अणुशक्तीनगरात तिचं नियामक भवन आहे. १९८३ पासून ही संस्था काम करते. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी तिने घातलेली मर्यादा आहे. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १. तुमच्या कामाची तिसरी मर्यादा मात्र फारशी कुणी सांगत नाही. १६ ते १८ वयाच्या शिकाऊ मुलांसाठी ती वर्षाला ६ मिलिसिव्हर्ट आहे, आणि १८ पूर्ण होईपर्यंत कुणालाही रेडिएशनच्या कामावर नेमता येत नाही. नर्सिंगला प्रवेश १७ व्या वर्षी मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गात या नियमाखाली येणाऱ्या मुली बसलेल्या असतात, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

मर्यादेच्या आत म्हणजे धोका शून्य, असं कुणी म्हणत नाही. नुकसान दोन तऱ्हेचं. एक, ठरावीक पातळी ओलांडल्यावरच होणारं. त्वचा लाल होणं साधारण २ ग्रे (शरीराच्या एखाद्या भागाने शोषलेल्या डोसचं माप) डोसला सुरू होतं, डोळ्यात मोतीबिंदू अर्ध्या ग्रेपासून. दुसरं म्हणजे कॅन्सर, ज्याला अशी पातळी नाही असं धरून चालतात. हिशोब असा करतात की १,००० मिलिसिव्हर्टला धोका साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. तोच हिशोब खाली आणला तर १ मिलिसिव्हर्टला वीस हजारांत एक. पळून जाण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण फुकट घ्यावा इतका लहानही नाही.

पोर्टेबल: दोन मीटर पुरे

रेडिएशनपासून बचावाचे उपाय तीन: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. पुस्तकात या तिघांना सारखंच वजन दिलेलं असतं. वॉर्डात मात्र अंतर हा त्यातला बादशहा. किरण पसरत जातात, त्यामुळे अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. तिप्पट केलं तर नववा भाग.

पोर्टेबलमध्ये मुख्य झोत पेशंटच्या छातीवर पडतो. तुमच्यापर्यंत येतात ते पेशंटच्या शरीरावर आदळून इकडेतिकडे उडालेले किरण. एक मीटरवर ते मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतके उरतात, दोन मीटरवर त्याच्याही चौथाई. छातीच्या एका पोर्टेबल एक्स-रेला दोन मीटरवर उभ्या असलेल्या सिस्टरला जे मिळतं, ते तिला निसर्गाकडून तासाभरात मिळणाऱ्या डोसपेक्षाही कमी असतं. म्हणून झोताच्या दिशेत उभं राहायचं नाही, दोन मीटर मागे सरकायचं, आणि पेशंटवर नजर ठेवायची. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला आणि सिस्टर लिफ्टपाशी असली, तर त्या धोक्यापुढे हे रेडिएशन किस झाड की पत्ती.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, एक्स-रे काढताना बाळाला धरायला कुणीतरी लागतं. ते काम विद्यार्थिनीचं नाही. रोज तीच सिस्टर किंवा त्याच मावशी धरतात, असंही चालत नाही. आधी पट्टे आणि वाळूच्या पिशव्या वापरून बघायच्या, नाहीच जमलं तर बाळाच्या बाबांनी किंवा आजीने लेड एप्रन घालून धरायचं. त्यांच्यावर ही वेळ एकदाच येते, तुमच्यावर रोज येईल. आई पुन्हा गरोदर असण्याची शक्यता असेल तर तिला मात्र लांब ठेवायचं. कुणी "तू धर गं पटकन" म्हणालं तर "एप्रन द्या आणि नातेवाइकांना बोलावते" असं म्हणता यायला हवं. हे म्हणायला धीर लागतो, विशेषतः म्हणणारे रेसिडेंट डॉक्टर असतील तर. सवयीने जमतं.

सी-आर्म: इथे थांबून बघा

सी-आर्म आणि कॅथलॅबमध्ये एक्स-रे एका क्षणाचा नसतो, मिनिटंच्या मिनिटं चालतो, आणि टीम पेशंटला चिकटून उभी असते. हॉस्पिटलातल्या नर्सला डोस मिळण्याची खरी जागा ही.

सी-आर्म इंग्रजी सी अक्षरासारखा असतो. एका टोकाला ट्यूब, दुसऱ्या टोकाला चित्र टिपणारा गोल डबा, म्हणजे डिटेक्टर. आधी ट्यूब कुठली ते ओळखायला शिका. ट्यूब बहुतेक वेळा टेबलाखाली ठेवतात, कारण उडणारे किरण झोत शरीरात शिरतो त्या बाजूला सर्वांत जास्त असतात. ते खाली, पायांकडे गेलेले बरे. ट्यूब वर असेल तर तेच किरण सगळ्यांच्या डोळ्यांपर्यंत येतात. आडवा फोटो घेताना, उदाहरणार्थ मांडीच्या हाडात रॉड टाकताना, सी-आर्म फिरवतात आणि ट्यूब एका बाजूला येते. अशा वेळी डिटेक्टरच्या बाजूला उभं राहायचं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन सिस्टरांना मिळणाऱ्या डोसमध्ये मोठा फरक पडतो, आणि त्यासाठी टेबलाला वळसा घालण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही.

लेड एप्रन ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचे असतात. उडालेल्या एक्स-रेपैकी ९० टक्क्यांहून जास्त ते अडवतात. मात्र अंगाची जी बाजू झाकलेली आहे, तिच्याकडूनच. म्हणून ट्रॉलीकडे वळायचं असेल तर पेडल सुटेपर्यंत थांबा, किंवा पुढून-मागून गुंडाळणारा एप्रन मागून घ्या. गळ्याला थायरॉइड कॉलर हवाच. तो घामट असतो, टोचतो, आणि म्हणून खुंटीवरच राहतो. एप्रन काढल्यावर घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हँगरला लावा.

मोतीबिंदूचा विषय याच खोलीतला. कॅथलॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉक्टर आणि नर्सच्या डोळ्यांच्या भिंगात धूसरपणा जास्त आढळला आहे. छताला टांगलेली शिशाची काच असते, ती मध्ये ओढून घ्यायला पाच सेकंद लागतात. ती बाजूला सारलेली दिसली की मला तरी राहवत नाही.

अंगावर पडणं वेगळं, अंगाला लागणं वेगळं

नातेवाईक सर्वांत जास्त चुकतात ते इथे, आणि समजावायची वेळ नर्सवर येते.

वाशीत भारत सरकारच्या विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळाचा, म्हणजे 'ब्रिट'चा मसाल्यांचा प्लांट आहे. तिथे २००० सालापासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून तिखट-मसाले पाठवून निर्जंतुक करतात. मसाले किरणोत्सारी होत नाहीत. तुम्ही ड्रेसिंगला जे निर्जंतुक पाकीट फाडता, त्यातलं कितीतरी सामान असंच गॅमाखालून आलेलं असतं. खाडीपलीकडे ट्रॉम्बेत 'आयसोमेड' या प्लांटने हे काम १९७४ मध्ये सुरू केलं. किरण पडून गेले, संपले.

लिनॅकवर, म्हणजे कॅन्सरवर बाहेरून किरण सोडणाऱ्या मशीनवर, रेडिओथेरपी घेणाऱ्या पेशंटचं तसंच. मशीन बंद झालं की त्याच्या अंगात रेडिएशनचा मागमूस राहत नाही. तरी घरी त्याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, नातवाला जवळ घेऊ देत नाहीत. कॅन्सरने आधीच खचलेल्या माणसाला हे वेगळं पाडणं फार लागतं. "आजोबा, नातवाला खुशाल मांडीवर घ्या" हे वाक्य डिस्चार्जच्या वेळी घरच्यांसमोर, मोठ्याने बोलायला हवं.

आयोडीनच्या पेशंटची गोष्ट मात्र खरोखर वेगळी. तिथे किरणोत्सारी पदार्थ शरीरात आहे आणि तो लघवी, घाम, लाळ यांतून बाहेर येतो. हळदीच्या हाताने दार, नळ, टॉवेल जे धराल ते पिवळं होतं, तसं हे पसरतं. फरक इतकाच की हा रंग दिसत नाही, त्याला शोधायला मीटर लागतो.

आयोडीनच्या वॉर्डात

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर काही पेशंटना आयोडीन-१३१ देतात. देशभर जाणारं हे औषध ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीच्या आधारे तयार होतं आणि वाशीच्या 'ब्रिट'मधून शिशाच्या भांड्यांत बंद होऊन निघतं. हार्बर लाइनवरून रोज ये-जा करणाऱ्या मुलींना याचं आश्चर्य वाटतं.

त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ८ दिवस. पण शरीरातलं बरंचसं औषध पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, म्हणून पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या संडासाची पाइप नेहमीच्या गटाराला जोडलेली नसते. पाणी टाकीत साठवतात, किरणोत्सार ओसरला की मगच सोडतात. त्यामुळे त्या खोलीतली बेडपॅन किंवा युरोबॅग (लघवीची पिशवी) चुकूनही बाहेरच्या बेसिनमध्ये रिकामी करायची नाही.

"सर, लेड एप्रन घालून जाऊ ना?" हा प्रश्न दर बॅचला येतो. इथे एप्रनचा फारसा उपयोग नाही. आयोडीनचे गॅमा किरण एक्स-रेपेक्षा खूप दणकट, ते एप्रनमधून बहुतांश आरपार जातात. वर एप्रनच्या वजनाने हालचाल मंदावते आणि तुम्ही खोलीत जास्त वेळ थांबता. इथे उपयोग होतो तो चाकांवरच्या जाड शिशाच्या पडद्याचा, अंतराचा आणि तयारीचा. औषध देण्याआधीच पेशंटला सगळं समजवा: बसूनच लघवी करायची, दोनदा फ्लश करायचं, पाणी भरपूर प्यायचं, चादर-कपडे ठरलेल्या पिशवीतच टाकायचे. नंतर विचारपूस इंटरकॉमवरून. आत जायचंच असेल तर हातमोजे, शूकव्हर, आणि आत काय करायचं ते दाराबाहेर ठरवून. पेटच्या पेशंटचंही असंच. सलाइन, हिस्टरी, शंकानिरसन सगळं इंजेक्शनच्या आधी उरकायचं. त्या औषधाचं अर्धायुष्य ११० मिनिटं असतं, पण ती पहिली ११० मिनिटं तिथे गप्पा मारण्याची नाहीत.

आता अवघड प्रश्न. आयोडीन दिलेल्या पेशंटचं हृदय थांबलं तर?

सीपीआर. लगेच. १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) आयोडीन घेतलेल्या पेशंटपासून एक मीटरवर तासाला साधारण ०.२ मिलिसिव्हर्ट मिळतात. अर्ध्या मीटरवर दहा मिनिटं धरली तर सुमारे ०.१३, म्हणजे निसर्गाकडून तीन आठवड्यांत मिळणारा डोस. हातमोजे घाला, तोंडाने श्वास न देता अँब्यू बॅग वापरा, काम संपल्यावर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून स्वतःला मीटरने तपासून घ्या. रेडिएशन आहे म्हणून हात लावला नाही, ही सबब कुठल्याही नियमात बसत नाही.

छातीवरचा बिल्ला

टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला, घातला की रेडिएशन लागत नाही, अशी समजूत अजून ऐकू येते. बॅज काहीही अडवत नाही. त्याच्या आत एका पत्रीवर तीन पांढऱ्या चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. डोस पडला की त्यांत ऊर्जा साठते. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि प्रकाश जितका जास्त तितका डोस जास्त. एका चकतीवर धातूची पट्टी, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी उघडी, म्हणजे किरण कुठल्या जातीचे होते याचाही अंदाज येतो. साधारण तीन महिन्यांनी बॅज बदलतात.

तो छातीशी, एप्रनच्या आत लावायचा. एप्रनवर टांगलेला बॅज एप्रनबरोबर रात्रभर सी-आर्मच्या खोलीत राहतो आणि तुमच्या नावावर नसलेला डोस जमा करतो. युनिफॉर्मबरोबर धुतलेले बॅज, मैत्रिणीला एक दिवसासाठी दिलेले बॅज, "आकडा वाढला तर ड्यूटी बदलतील" म्हणून लॉकरमध्ये लपवलेले बॅज, सगळे प्रकार घडतात. शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. कॅथलॅब किंवा न्यूक्लिअर मेडिसिनला पोस्टिंग लागली की पहिल्याच दिवशी विचारा: इथला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण, आणि आम्हा विद्यार्थ्यांना बॅज आहे का? साध्या वॉर्डात बॅजची गरज नसते.

दिवस राहिले असतील तर

काम करणाऱ्या नर्सला दिवस गेल्याचं कळलं की तिने वरिष्ठांना आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला सांगायचं असतं, म्हणजे काम तसं लावून देता येतं. त्यानंतर पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ द्यायचा नाही. नोकरी सोडायची नसते, जागा बदलायची असते.

पेशंटच्या बाबतीत घबराट जास्त. "कळायच्या आधी एक्स-रे काढला, आता पाडून टाकायचं का?" असं विचारत जोडपी येतात. छातीच्या एक्स-रेत गर्भाला पोचतो तो डोस ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी. पोटाच्या सीटीतही तो साधारण १० ते २५ मिलिग्रेच्या घरात राहतो. बाळात व्यंग येण्याची भीती १०० मिलिग्रेच्या खाली धरत नाहीत. अशा जोडप्याला परस्पर सल्ला न देता डॉक्टरांकडे आणि फिजिसिस्टकडे पाठवा. आम्ही नेमका डोस काढून देतो.

ही वेळ येऊ नये म्हणून पाळीची तारीख एक्स-रेच्या आधी विचारायची. ती विचारण्याची पद्धतही शिकायला हवी. एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या बाबांसमोर, किंवा नव्या सुनेला सासूबाईंसमोर "प्रेग्नंट आहेस का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार. नातेवाइकांना फॉर्म भरायला काउंटरवर पाठवा, कपडे बदलण्याच्या खोलीत तिला एकटीला गाठा आणि "शेवटची पाळी कधी आली होती, ताई?" एवढंच विचारा. तारीख ऐका, लिहा, आणि पाळी लांबलेली असेल तर टेक्निशियनला थांबवून डॉक्टरांना फोन लावा.